काळजाचं ऑपरेशन आणि केबिनबाहेरची बाई

'काळीज' म्हटलं की आपला हात आपसूक छातीच्या डाव्या बाजूला जातो. पण शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर काळीज म्हणजे यकृत, लिव्हर. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो ना, तीच. ती असते पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला. लेकराला साधा ताप आला तरी आपलं काळीज तीळतीळ तुटतं. मात्र खरोखरच्या काळजाला काही झालं, डॉक्टर म्हणाले, 'लिव्हरचा तुकडा काढावा लागेल', की आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग घरातले पुरुष धावपळ करतात, आणि आपण देवाजवळ दिवा लावून बसतो.

२०२५च्या मे महिन्यात टीव्हीवरच्या 'सिमर'ची, म्हणजे दीपिका कक्करची बातमी आली, तेव्हा आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेब बाजूला राहिला आणि तीच चर्चा सुरू झाली. पुण्यात जन्मलेली, मुंबईत राहणारी, पदरात दोन वर्षांचंही न झालेलं मूल. पोटात दुखायला लागलं तेव्हा तिला आधी वाटलं, अॅसिडिटी असेल. फॅमिली डॉक्टरांनी औषधं दिली, थोडं बरं वाटलं, पुन्हा दुखलं. सीटी स्कॅन केला तर यकृताच्या डाव्या भागात टेनिसच्या चेंडूएवढी गाठ. पुढे ती कॅन्सरची निघाली, दुसऱ्या टप्प्यातली. ३ जून २०२५ला मुंबईत तिचं ऑपरेशन झालं, ते चौदा तास चाललं. यकृताचा साधारण २२ टक्के भाग काढावा लागला, हे तिनंच नंतर सांगितलं.

बैठकीत एकीनं विचारलं, "अगंबाई, लिव्हर कापल्यावर माणूस जगतो कसा?" दुसरी म्हणाली, "ते मोठ्या लोकांचं असतं, आपल्याला कुठलं परवडायला!" हे दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. म्हणूनच आज त्यावर लिहितेय. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेली गृहिणी आहे. पण गेली काही वर्षं पनवेल परिसरातल्या पेशंटबायांबरोबर दवाखान्यांच्या पायऱ्या चढतेय, तज्ज्ञांना विचारून घेतेय. जे समजलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी यकृताविषयी. हा आपल्या पोटातला सगळ्यात मोठा अवयव, वजन सव्वा ते दीड किलो. अन्नातून आलेलं सगळं आधी याच्याकडे येतं. ते निवडायचं, पाखडायचं, साठवायचं, विष बाजूला काढायचं, पित्त तयार करायचं, रक्त गोठण्यासाठी लागणारे घटक बनवायचे, अशी शेकडो कामं हा एकटा करतो. घरातल्या बाईसारखंच, सहजासहजी तक्रार करत नाही. पुष्कळ बिघडेपर्यंत दुखतसुद्धा नाही. आणि त्याचा एक गुण दुसऱ्या कुठल्याच अवयवात इतका नाही. तो पुन्हा वाढतो! निरोगी यकृताचा सत्तर टक्क्यांपर्यंतचा भाग काढला, तरी उरलेला भाग काही आठवड्यांत बराच मोठा होतो आणि काही महिन्यांत काम पुरतं सांभाळतो. कापलेला तुकडा जसाच्या तसा उगवत नाही. उरलेला भागच फुगून, वाढून ती जबाबदारी घेतो.

पण हे 'निरोगी' यकृताचं झालं. दारूनं, जुन्या काविळीच्या विषाणूनं किंवा चरबीनं जे यकृत आकसून कडक झालंय, ज्याला सिरॉसिस म्हणतात, त्यात ही ताकद फार कमी उरते. म्हणून सर्जनला 'किती कापायचं?' यापेक्षा 'मागे किती उरणार?' हा प्रश्न मोठा असतो. चांगल्या यकृतात निदान वीस ते तीस टक्के भाग उरायला हवा, सिरॉसिस असेल तर चाळीस टक्के तरी. तेवढा उरणार नसेल तर आधी आजारी बाजूची रक्तवाहिनी बंद करून चांगली बाजू काही आठवडे वाढू देतात आणि मग ऑपरेशन करतात. "आज स्कॅन झाला, मग महिनाभर का थांबवलं?" म्हणून काही घरांत संताप होतो. त्यामागे असंही कारण असू शकतं. ते विचारून घ्यावं.

ऑपरेशन अवघड कशामुळे? तर यकृत म्हणजे रक्तानं भरलेला स्पंजच. त्याला दोन बाजूंनी रक्त येतं. पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून आणि पाव हिस्सा धमनीतून. १९०८ साली प्रिंगल नावाच्या स्कॉटिश सर्जननं दाखवून दिलं, की यकृताच्या मुळाशी या वाहिन्या थोडा वेळ दाबून धरल्या तर रक्तस्राव रोखता येतो. आजही ती युक्ती वापरतात. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधल्या क्विनो यांनी यकृताचे आठ भाग नकाशासारखे आखून दिले. प्रत्येक भागाला स्वतःची रक्तवाहिनी, स्वतःची पित्तनळी. संत्र्याच्या फोडी सुट्या कराव्यात तसा नेमका आजारी भाग वेगळा करायचा, असं हे काम. काही ऑपरेशनं आता दुर्बिणीनं होतात, पण सगळीच नाहीत. छोटा छेद म्हणजे चांगला सर्जन, असं समीकरण मांडू नका.

आता महत्त्वाचं. यकृतात गाठ दिसली म्हणजे कॅन्सर, आणि कॅन्सर म्हणजे ऑपरेशन, ही दोन्ही वाक्यं चूक आहेत. सोनोग्राफीत कितीदा 'हिमॅन्जिओमा' असा शब्द येतो. तो म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा गुच्छ, बायकांमध्ये जास्त आढळणारा. बहुतेकींना तो आयुष्यभर काही त्रास देत नाही, कापावा लागत नाही. साध्या पाण्याच्या गाठीही तशाच. दुसरी एक गाठ, अॅडिनोमा, गर्भनिरोधक गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्या स्त्रियांमध्ये दिसू शकते. तेव्हा गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा, सासूबाई शेजारी आहेत म्हणून गप्प बसू नका. कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंतामुळे होणारी हायडॅटिड गाठ वेगळीच. यकृताचा स्वतःचा कॅन्सर, किंवा मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेला कॅन्सर असेल, तर मात्र भाग कापून काढणं हा बरं होण्याचा मोठा मार्ग असतो. गाठ अगदी लहान असेल तर सुईतून उष्णता देऊन जाळता येते. सिरॉसिस जास्त असेल तर प्रत्यारोपणाचा विचार होतो. म्हणजे एकाच आजाराला चार वाटा. कुठली वाट आपली, ते ठरवायला एकटा सर्जन पुरत नाही.

आणि इथेच माझं खरं दुखणं आहे. मी पाहिलेलं एक दृश्य सांगते. गाव आणि दवाखाना, दोन्हींची नावं नकोत. ओपीडीत नंबर पुकारला गेला. नवरा आणि दीर आत गेले. जिच्या पोटात गाठ, ती बाहेर बाकावर, मांडीवर पिशवी धरून. मी विचारलं, "ताई, तुम्ही नाही गेलात?" ती म्हणाली, "ते बोलून येतील. मला काय समजतंय!" आतून दोघं आले तेव्हा चेहरे उतरलेले. तिला सांगितलं, "काही नाही, साधी गाठ आहे." तिनं ओळखलं होतं. बाई ओळखतेच. पण तिच्या पोटात किती वर्षं दुखतंय, जेवण कधीपासून जात नाही, कुठला काढा चालू आहे, माहेरी कुणाला कावीळ होती का, यातलं काहीच आत पोचलं नाही. कारण ते फक्त तिला माहीत होतं.

मैत्रिणींनो, माझं मत स्पष्ट आहे. ज्या बाईचं पोट कापायचं, ती केबिनच्या आत हवी. प्रेमापोटी तिच्यापासून आजार लपवणारी माणसं वाईट नसतात, मला मान्य आहे. पण तिला न सांगता तिच्याकडून संमतीपत्रावर सही घ्यायची, ही माया नाही. आणि आपणही 'मला काय समजतंय' हे वाक्य आता सोडायला हवं. महिन्याच्या किराण्याचा, भिशीचा, मुलांच्या फीचा हिशेब जिला समजतो, तिला आठ भागांचं यकृतही समजतं. कुणीतरी समजावून मात्र द्यायला हवं.

सर्जन कसा शोधायचा? आपल्याकडे पद्धत काय, तर कुणाच्या तरी मेव्हण्याचं ऑपरेशन चांगलं झालं, तोच डॉक्टर. नाहीतर हायवेवर ज्याची पाटी मोठी, तो. पनवेल म्हणजे कोकणचा दरवाजा. पेण, रोहा, महाड, पोलादपूरची माणसं एस.टी.नं इथे उतरतात आणि समोर दिसेल त्या दवाखान्यात शिरतात. पण पित्ताशयाचे खडे किंवा अपेंडिक्स काढणारा सर्जन कितीही हुशार असला, तरी यकृत कापणं हे निराळं शास्त्र आहे. एम.एस. नंतर पोटाच्या शस्त्रक्रियेत किंवा कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत एम.सी.एच. किंवा डी.एन.बी.सारखं पुढचं शिक्षण, आणि त्यातही यकृत, पित्तनळी, स्वादुपिंड यांचा खास अनुभव असलेला सर्जन हवा. हेपॅटॉलॉजिस्ट म्हणजे यकृताचे औषधोपचार करणारे डॉक्टर, ते ऑपरेशन करत नाहीत. पण ऑपरेशनआधी त्यांचं मत हवंच.

आपलं भाग्य असं, की टाटा मेमोरिअल केंद्राचं 'अॅक्ट्रेक' आपल्या पनवेल तालुक्यातच, खारघरला आहे. परळचं टाटा मेमोरिअल हॉस्पिटल १९४१पासून उभं आहे. हार्बरनं कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ. त्याच भागात महापालिकेचं केईएम. तिथे गर्दी असते, रांगा असतात, पहाटे निघावं लागतं, हे खरंच. पण जिथे अशी ऑपरेशनं नेहमी होतात, तिथे धोका कमी असतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. घराजवळचा दवाखाना टाके काढायला, ड्रेसिंगला चांगला. कापायला मात्र दोन तास लांब जायची तयारी ठेवा.

डॉक्टरांसमोर बसलात की काही प्रश्न नम्रपणे, पण नक्की विचारा. ही गाठ कसली आहे आणि ते कशावरून ठरवलं? ऑपरेशनशिवाय दुसरा उपाय आहे का? किती भाग काढणार आणि किती उरणार? बाकीचं यकृत निरोगी आहे का? हिपॅटायटिस बी आणि सी तपासलंत का? तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? माझी केस इतर तज्ज्ञांसमोर, म्हणजे ज्याला 'ट्यूमर बोर्ड' म्हणतात त्यात ठेवणार का? रक्तपेढी आणि आयसीयू इथेच आहे का? रक्तस्राव झाला, पित्त गळलं, यकृत मंदावलं, तर काय कराल? जाणता सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. उलट कागद ओढून चित्र काढून दाखवतो. जो म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का?", त्याला नमस्कार करावा आणि दुसरं मत घ्यावं.

दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे, तो आपला हक्क आहे. रुग्णहक्कांची सनद आणि दरांची यादी दवाखान्यात लावली पाहिजे, असा नियम महाराष्ट्रात २०२१मध्ये झाला. महिला पेशंटला पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणं, हाही त्या सनदेतला हक्क. आपल्या केसचे कागद मागितले की ७२ तासांत द्यावेत, हा डॉक्टरांसाठीचा नियम तर २००२पासूनचा. नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची सीडीही मागून घ्या. सर्जनला ती चित्रं स्वतः बघायची असतात. नाहीतर पुन्हा स्कॅन, पुन्हा खर्च.

खर्चाचं म्हणाल, तर आपली पहिली नजर जाते गळ्यातल्या सोन्याकडे, दुसरी गावच्या जमिनीकडे. थोडं थांबा. २०१२मध्ये राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. आपलं नेमकं ऑपरेशन, त्याच रुग्णालयात, योजनेत बसतं का, हे त्याला भरती होण्याआधी विचारा. कारण मंजुरी आधी लागते. रोख भरून मोकळं झाल्यावर ते पैसे योजनेतून परत मिळत नाहीत. याखेरीज धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६पासून आहे. पंचतारांकित दिसणारी काही रुग्णालयंही धर्मादाय असतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन विचारायला लाज कसली? उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड मात्र तयार ठेवा.

आणखी एक नाजूक गोष्ट. यकृत कापतात ते फक्त आजारी माणसाचंच नाही. प्रत्यारोपणासाठी जिवंत, धडधाकट दात्याचाही भाग काढतात. आणि आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते, बहीण भावाला देते. त्या त्यागाला माझा दंडवत. पण उलट दिशेनं किती जण पुढे येतात, हे जरा आपापल्या नात्यात मोजून बघा. "तो कमावता आहे" म्हटलं की विषय संपतो. जणू तिच्या कष्टांची कमाई कुठे लिहिलेलीच नसते! दात्याच्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका फार कमी, हजारात एक ते पाच इतका सांगतात, पण तो शून्य नाही. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दात्याची संमती स्वखुशीची हवी. तिला एकटीला विचारलं जावं, आणि 'नाही' म्हणायची मोकळीक असावी. 'नाही' म्हणणारी बाई दगडाच्या काळजाची नसते.

ऑपरेशननंतर साधारण आठवडा-दहा दिवस रुग्णालयात, त्यातले पहिले एक-दोन आयसीयूत. घरी आल्यावर ताप आला, डोळे पिवळे झाले, जखमेतून पिवळसर-हिरवं पाणी आलं, पोट फुगलं किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर उद्याची वाट बघू नका. दीड-दोन महिने तरी जड उचलायचं नाही, म्हणजे पाण्याचा हंडाही नाही आणि कडेवर नातवंडही नाही. बाळंतपणात जशी चाळीस दिवसांची विश्रांती मिळते, तशीच ही हक्काची विश्रांती समजा. घरातल्यांना आधीच तसं सांगून ठेवा, कारण आपणहून कुणी सांगणार नाही.

आणि कृपा करून काविळीची माळ, नाकात घालायचा पाला, 'लिव्हर साफ करणारा' काढा यांवर आठवडे घालवू नका. पित्तनळीत अडथळा आला तरी कावीळच दिसते, आणि तो अडथळा गाठीचा असू शकतो. करोनाकाळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. त्या वादात न पडताही एवढं करता येईल, की जे काही घेता ते डॉक्टरांना सांगा.

हे सगळं टाळता येण्यासारखं किती? बरंच. अमिताभ बच्चन यांना १९८२च्या 'कुली'च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी झाला. यकृताचा ७५ टक्के भाग निकामी झाला असून उरलेल्या २५ टक्क्यांवर आपण जगतोय, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. याच विषाणूवर लस आहे. २०११-१२पासून ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे. बाळाला पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांत मिळायला हवा, कारण आईकडून बाळाला हा विषाणू जाऊ शकतो. गरोदरपणात ही तपासणी झाली का, हे सुनेचं, लेकीचं कार्ड काढून बघा. २०१८पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. बुरशी लागलेले शेंगदाणे कूट करून वापरायचे नाहीत, त्यातलं विष यकृताला बाधतं. आणि घरातल्या दारूबद्दल मी वेगळं काय सांगू!

शेवटी एक सुचवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चमचे, गाळण्या लुटतो. कपाटात त्यांची रास झालीय. यंदा प्रत्येकीला एक फाइल द्या. त्यात तिनं स्वतःच्या नावाचे रिपोर्ट तारखेवार लावायचे, रेशनकार्डाची झेरॉक्स ठेवायची, वरच्या पानावर विचारायचे प्रश्न लिहायचे. आणि नंबर पुकारला गेला, की ती फाइल नवऱ्याच्या हातात न देता, स्वतः घेऊन आत जायचं. नवऱ्यानं सोबत यावं, जरूर यावं. शेजारच्या खुर्चीवर बसावं.